जावयाचा कायमचा पत्ता

माझ्या सासऱ्यांची जाहीर बदनामी मी केली, असं भुईगावात आजही मानलं जातं. मीही आता ते मानायला लागलो आहे. माणूस किती वर्षं नाही नाही म्हणत राहणार?

आम्ही वसईजवळच्या गोखिवऱ्याला राहत होतो आणि घराघरात इंटरनेट नुकतंच रुळू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी अंधेरीतल्या एका कंपनीत होतो. कंपनीची गोदामं गावोगावी होती आणि त्यांतला माल कॉम्प्युटरवर बरोबर दिसतोय ना, हे बघणं माझं काम. माझी बायको वर्षा वसईच्याच किनाऱ्यावरच्या भुईगावची. तिच्या माहेरी केळी, मोगरा आणि पानवेलींची वाडी आहे. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. गोखिवऱ्याहून भुईगावला जायचा रस्ता त्या वेळी असा होता, की तिला माहेरी पाठवण्यापेक्षा माहेरच इकडे आणणं सोपं होतं. म्हणून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि मी साहेबांकडे घरून काम करण्याची परवानगी मागितली.

साहेब हो म्हणाले. नाही म्हणाले ते कॉम्प्युटर विभागाचे मेनन. घरून काम करायचं तर व्हीपीएन लागेल, असं त्यांनी मला समजावलं. व्हीपीएन म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरपासून ऑफिसपर्यंत इंटरनेटच्या पोटातून खणलेला खाजगी बोगदा. एकदा त्यात शिरलं, की आपण घरी लुंगीवर बसलेले असलो तरी जगाला ऑफिसातच बसल्यासारखे दिसतो. हे वर्णन ऐकून मी फारच खूश झालो. पण बोगद्याच्या तोंडावर मेननचा पहारा होता. ज्या इंटरनेट पत्त्यावरून मी येणार, तो पत्ता माझा एकट्याचा आणि कायमचा पाहिजे, अशी त्यांची अट होती.

आमचा पत्ता तसा नव्हता. आमच्या कॉम्प्लेक्सला राजेश नावाचा माणूस इंटरनेट द्यायचा. आधी तो केबल टीव्ही द्यायचा, मग त्याच खांबांवरून त्याने दुसरी वायर ओढली. सगळ्या बिल्डिंगींना मिळून बाहेरच्या जगात एकच पत्ता होता, चाळीला मिळून एक नळ असावा तसा. मेनन म्हणाले, तुमच्या पत्त्याला आत सोडलं तर तुमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्सला आत सोडल्यासारखं होईल. आमचं कॉम्प्लेक्स मला माहीत असल्यामुळे मी वाद घातला नाही.

राजेशकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, स्टॅटिक घ्या. एकदम तुमचा एकट्याचा. दुनिया इकडची तिकडे झाली तरी बदलणार नाही. कुठूनही बघा, कळणार, पाठारेसाहेबांच्या घरातून आलंय."

शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदललेल्या माणसाला 'कायमचा पत्ता' हे शब्द गोड लागतात. मी तो घेतला. संध्याकाळी वर्षाला आणि सासूबाईंना बसवून समजावून सांगितलं, की आता या जगात चार आकड्यांची एक जागा अशी आहे, जी फक्त आपली. वर्षाने जांभई दिली. सासूबाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सुधीरराव, यावरून काही लिहिलं तर वाचणाऱ्याला नाव दिसतं का?"

मी म्हटलं, नाव नाही दिसत, नुसते आकडे. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मी समजलो, त्यांना एकूणच विज्ञानाचं कौतुक आहे.

सासूबाईंविषयी थोडं सांगायला हवं. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, शाळेत निबंधात कायम पहिल्या. मग लग्न झालं आणि वाडी आली. घरच्यांशी त्या वाडीवरच्या आपल्या बोलीत बोलत, पण माझ्याशी बोलायची वेळ आली की थेट आकाशवाणीची मराठी काढत. 'चहा घेणार का' ऐवजी 'चहा घेणे होईल काय' म्हणत. मी साताऱ्याकडचा. मला वाटे आपण तहसील कचेरीत आलोय.

दिवसभर पडून कंटाळलेल्या वर्षाने आईला कॉम्प्युटर शिकवायला घेतलं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, हे बघून सासूबाई हरखल्या. शिवाय वाचायला घरचीच साइट होती. वर्षाचा चुलतभाऊ नितीन वसईत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, त्याने त्यांच्या समाजाची एक साइट काढली होती. तिच्यावर वधूवर, केळ्यांचे भाव, निधनवार्ता आणि प्रत्येक पानाखाली अभिप्राय लिहायची जागा. नवा पत्ता मिळाल्या मिळाल्या मी तिच्यावर जावयाच्या कर्तव्यबुद्धीने स्वतःच्या नावानिशी 'उत्तम उपक्रम' असा अभिप्राय लिहिला होता. माझे सगळेच अभिप्राय तसे असतात. जेवण कसं झालंय विचारलं तरी मी उत्तम उपक्रम म्हणेन की काय, असं वर्षा म्हणते.

आता अण्णा, म्हणजे माझे सासरे. समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस प्रेमळ, पण समोर माइक आला की त्यांचं स्वतःवर नियंत्रण राहत नाही. त्या वर्षीच्या संमेलनात ते स्त्री-पुरुष समानतेवर बोलले. बोलता बोलता म्हणाले, मी स्वतः सकाळचा चहा करून पत्नीला देतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला न चुकता मोगऱ्याचा गजरा देतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. नितीनने ते भाषण फोटोसकट साइटवर टाकलं.

दोनेक आठवड्यांनी त्याखाली एक अभिप्राय आला.

'अण्णांचे भाषण वाचले. विचार उत्तम. त्यांच्या घरी साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो एवढे त्यांनी सांगितल्यास विश्वास ठेवणे सोपे जाईल. – एक वाचक.'

मी तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवला आणि पोट धरून हसलो. कुणीतरी अण्णांना बरोबर पकडलंय, असंही म्हणालो. सासूबाईंनी मला आणखी एक पोळी वाढली. नेहमीपेक्षा तूप जास्त होतं.

आठवडाभरात नितीनचा फोन आला. "भावोजी, एक विचारू का? नाव बदललंत, ते ठीक. पण पत्ता कशाला तोच ठेवलात?"

मला काही कळेना. त्याने सांगितलं, की अभिप्राय कुठल्या पत्त्यावरून आला ते साइट चालवणाऱ्याला दिसतं. 'एक वाचक' याचा पत्ता आणि 'उत्तम उपक्रम' वाल्या सुधीर पाठारे यांचा पत्ता एकच. मी सांगितलं की मी लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "मग बहुतेक तुमच्याकडे तो पत्ता आणखी कुणाबरोबर शेअर केलेला असेल." आणि मी, गोखिवऱ्याचा गाढव, अभिमानाने उत्तरलो, "अजिबात नाही. माझा स्टॅटिक आहे."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. तसाच राजेशकडे गेलो आणि हा पत्ता आणखी कुणाला दिलाय का, असं विचारलं. त्याला ते फार लागलं. आपण धंद्यात असली बेइमानी करत नाही, असं म्हणून त्याने आत नेऊन एक कॉम्प्युटर दाखवला आणि शपथेवर सांगितलं, की जे गेलंय ते माझ्याच घरातून गेलंय. त्याची इच्छा मदत करण्याचीच होती. मी आधी कॉम्प्लेक्सच्या त्या एकाच पत्त्यामागे सुखाने लपलेला असतो, तर संशय निदान साठ घरांत वाटला गेला असता. आता तो सगळा माझ्या एकट्याच्या मालकीचा झाला होता.

तेवढ्यात दुसरा अभिप्राय आला.

'गजऱ्याबद्दल वाचून आनंद झाला. हा मोगरा अण्णांच्याच वाडीतला असतो, तो पहाटे घरातील बाईच खुडते आणि गुंफतेही तीच, हे सांगायचे राहून गेलेले दिसते. – तोच वाचक.'

मी नितीनला आपण होऊन फोन केला. म्हटलं, बघ बाबा, हा तरी कुठून आलाय ते. त्याने शोधून काढलं. मग म्हणाला, "भावोजी, हा तुमच्या कंपनीच्या नावावरचा पत्ता आहे. अंधेरी. आता ऑफिसातून पण लिहायला लागलात?"

आमच्या ऑफिसात अण्णांचा मोगरा माहीत असलेला मी सोडून कुणीही नव्हता. क्षणभर मला स्वतःचाच संशय आला. माणूस दमला की झोपेत चालतो म्हणतात, तसा मी झोपेत टाइप करतो की काय?

या टप्प्यावर शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी एक युक्ती काढली. इंटरनेटवर फुकट व्हीपीएन मिळायचे. त्यांचा बोगदा परदेशात कुठेतरी निघतो आणि तो पत्ता हजारो लोक मिळून वापरतात, त्यामुळे कोण कोणाचं ते कळत नाही. मी तसला एक लावला आणि 'डॉ. परांजपे, जर्मनी' या नावाने अण्णांच्या भाषणाची भरपूर स्तुती लिहिली. युरोपातही असे विचार दुर्मीळ आहेत, असं लिहिलं. नितीनने पत्ता तपासला, खरोखर जर्मनीचा निघाला. अण्णांना ही बातमी कळली तेव्हा ते आनंदाने अख्खं गाव फिरून आले. केळीच्या वखारीपासून चर्चच्या नाक्यापर्यंत सगळ्यांना जर्मनीचे परांजपे माहीत झाले.

पुढे काय झालं, तर ज्या पत्त्यावरून हजारो लोक येतात त्यावरून काय काय येईल याचा मी विचार केला नव्हता. दोन दिवसांत त्याच जर्मन पत्त्यावरून अण्णांच्या भाषणाखाली पुरुषी ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती येऊन पडल्या. एक नाही, रांगच्या रांग. समाजाच्या साइटवर, स्त्री-पुरुष समानतेखाली, अण्णांच्या फेटा बांधलेल्या फोटोला लागून. नितीनला त्या काढता काढता घाम फुटला. आणि त्या काढताना त्याने डॉ. परांजप्यांचा अभिप्राय पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचला. तो 'एकूण उत्तम उपक्रम' या शब्दांनी संपत होता.

आता अण्णांपर्यंत गोष्ट गेली. जावई आधी टवाळी करतो, मग जर्मन बनून स्तुती करतो आणि वर गोळ्या विकतो, असं त्याचं स्वरूप झालं होतं. रविवारी ते नितीनला घेऊन आमच्याकडे येणार असा निरोप आला. निरोप वर्षाला आला, मला नाही. यावरून मी काय ते ओळखलं.

शुक्रवारी दुपारी जेवून मी नेहमीप्रमाणे आडवा झालो. घरून काम करण्याचा हा एक फायदा होता. व्हीपीएन चालूच ठेवायचो, म्हणजे मेननला मी जागेवर दिसे. त्या दिवशी झोप लागेना. बाहेरच्या खोलीतून टक् असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. उठून बघतो तर माझ्या खुर्चीवर सासूबाई, नाकावर चष्मा, एक बोट हवेत.

त्या जराही दचकल्या नाहीत. "बरे झाले आलात, सुधीरराव. यात 'ज्ञ' कसा काढायचा? 'कृतज्ञता' लिहायचे आहे."

मी त्यांना ज्ञ काढून दिला. ते का केलं, मला आजवर कळलेलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. सकाळी बोगदा बंद असताना लिहिलं ते घरच्या पत्त्यावरून गेलं. दुपारी माझा बोगदा चालू असताना लिहिलं ते ऑफिसच्या पत्त्यावरून. सासूबाई गोखिवऱ्यात खुर्चीवर बसून अंधेरीतून नवऱ्याला उत्तरं देत होत्या.

मी समोर बसलो. रागावू म्हटलं तर जमेना. त्यांनी आपणहून सांगितलं, आणि या वेळी आकाशवाणी बाजूला ठेवून सांगितलं. संमेलनात त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. अण्णा चहाबद्दल बोलले तेव्हा पुढच्या-मागच्या सगळ्या बायकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. किती नशीबवान, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. एकीने तर हातही दाबला.

"मी काय करायला पाहिजे होतं? उठून खोटं आहे म्हणायचं? चारचौघांत घरच्या माणसाचा मान कसा घालवायचा? म्हणून नाव न घालता लिहिलं. तुम्हीच म्हणालात, नुसते आकडे दिसतात." मग चष्मा काढून म्हणाल्या, "आकडे तुमचे आहेत, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही."

रविवारी मी स्वतःच त्यांना सगळं सांगते, असं त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मी अजूनही असा समज बाळगून होतो, की खरं सांगितलं की प्रश्न सुटतो.

रविवारी अण्णा आले. हातात जावयासाठी नेहमीचा केळ्यांचा घड होता, पण तो त्यांनी मला न देता दाराशी ठेवला. नितीनने छापून आणलेले कागद टीपॉयवर मांडले. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून वर्षा पलंगावरून ऐकत होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका. ते मी लिहिलंय."

नितीनने एक कागद उचलला आणि अगदी आदराने म्हणाला, "काकी, हा मजकूर अंधेरीच्या कंपनीतून आलाय. तुम्ही अंधेरीला कधी गेलात?"

सासूबाई अंधेरीला कधीच गेल्या नव्हत्या, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "मी इथूनच लिहिलं."

मग मी मध्ये पडलो आणि बोगदा समजावून सांगायला लागलो. माणूस गोखिवऱ्यात असतो, पण पत्ता अंधेरीचा दिसतो, वगैरे. जसजसा बोलत गेलो तसतसा मी मलाच खोटारडा वाटू लागलो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माणूस एकीकडे आणि पत्ता भलतीकडे. रेशनकार्डाच्या बाबतीत असं केलं तर त्याला गुन्हा म्हणतात, सुधीरराव."

म्हटलं, थांबा, प्रत्यक्ष करूनच दाखवतो. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. वीज गेलेली होती. आमच्याकडे तेव्हा ती रोजच जायची, पण रविवारी या वेळी सहसा नाही. आतून वर्षा म्हणाली, "बाबा, खरंच आईने लिहिलंय." अण्णा म्हणाले, तू नवऱ्याचीच बाजू घेणार, आणि ते योग्यच आहे.

मग त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"इतका संसार केला," ते नितीनला म्हणाले, "हिच्या तोंडून कधी खोटं ऐकलं नाही. आज जावयासाठी बोलली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला खरं काय ते तोंडावर सांगितलं होतं, आणि त्याने ते त्यांचं मोठं मन म्हणून खपवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता थकवा होता, आणि तो मला चांगलाच ओळखीचा वाटला. यापुढे कितीही बोललं तरी फरक पडणार नाही, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

"अण्णा," मी म्हणालो, "मीच लिहिलं. चुकलं माझं."

सगळ्यांना एकदम बरं वाटलं. नितीनने कागद गोळा केले. अण्णांनी केळ्यांचा घड उचलून माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, ते उठले आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात गेले. मी करतो की नाही ते बघाच, म्हणाले. आत बरीच आदळआपट झाली. शेवटी चहा बाहेर आला. त्याचा रंग वेलीच्या बुंध्याला घालायच्या पाण्यासारखा होता, आणि साखरेच्या जागी काय पडलं होतं ते पहिल्या घोटाला कळलं. नितीनने कप खाली ठेवला. सासूबाईंनी मात्र तो दोन्ही हातांत धरला, खिडकीशी जाऊन बसल्या आणि पूर्ण संपवला.

आमच्या मुलीच्या बारशाला मी भुईगावला गेलो, तेव्हा अण्णा रोज सकाळी चहा करत होते. जावयाने नाक कापलं म्हणून करत होते, पण करत होते. चहाही सुधारला होता. हे मला सासूबाईंनी सांगितलं नाही, शेजारच्या बायकांनी सांगितलं. त्या माझ्याशी फारच आदराने वागत होत्या. एकीने केळफूल दिलं, दुसरीने पानाचा विडा. तिसरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, आमच्या ह्यांच्याबद्दलही दोन ओळी लिहा ना. सासऱ्याला न घाबरता खरं लिहिणारा जावई म्हणून माझी कीर्ती पार समुद्रापर्यंत गेली होती.

शेवटी व्हायचं तेच झालं. तिथल्या महिला मंडळाने 'निर्भीड लेखन' या विषयावर बोलायला मला बोलावलं. मी नको नको म्हणत असतानाच सासूबाईंनी भाषण लिहून दिलं. सुंदर होतं. मी ते उभं राहून वाचलं, दोनदा अडखळलो, एका ठिकाणी पान उलटायला विसरलो. कार्यक्रम संपल्यावर चपला घालत होतो, तेव्हा मागे दोघी बोलत होत्या, आणि त्यातली एक दुसरीला म्हणाली:

"लिहितात किती छान. पण बोलायला लागले ना, की हेच लिहीत असतील असं वाटत नाही."